हौसा बायकांचा घरातला बाजार

हौसा म्हटलं की आपल्याला गावातली एखादी हौसाबाई आठवते. आज आम्ही ज्या हौसा बायकांविषयी बोलणार आहोत त्या पार आफ्रिकेतल्या. पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया आणि नायजर असे दोन देश एकमेकांना लागून आहेत. नायजेरियाचा उत्तर भाग आणि नायजरचा दक्षिण भाग मिळून जो पट्टा होतो, तिथे हौसा भाषा बोलतात. लोक बहुतेक मुसलमान. कानो, कात्सिना, झारिया, सोकोतो, मारादी ही तिथली नावाजलेली शहरं. जुन्या वस्तीतली घरं मातीची, आणि प्रत्येक वाड्याला उंच मातीची भिंत.

मुलूख कोरडा. पाऊस वर्षातून एकदाच, चार महिने. शेतात काय पिकतं म्हणाल तर बाजरी, ज्वारी, चवळी आणि भुईमूग. ऐकताना आपल्याच माळरानाचं वर्णन चाललंय असं वाटतं, आणि त्यात खोटं काही नाही. बाजरी आणि चवळी ही पिकं माणसानं पहिल्यांदा पश्चिम आफ्रिकेतच लावली, ज्वारी आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या सुदान भागात. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हणजे आज आपण चुलीवर जी भाकरी टाकतो तिचं माहेर त्या बाजूला आहे. भुईमूग मात्र तिथेही पाहुणा आणि इथेही पाहुणा, तो अमेरिकेतून आला.

या हौसा शहरांमध्ये लग्न झालेली बाई दिवसा घराबाहेर पडत नाही, अशी रीत. तिला हौसा भाषेत ‘कुल्ले’ म्हणतात. शब्दाचा अर्थ कुलूप लावून बंद करणं, आणि कानालाही तो आपल्या कुलपासारखाच लागतो. या विषयाची तयारी करायला आम्ही बसलो तेव्हा आमच्या मनात पहिलं चित्र आलं ते असं: बिचाऱ्या बायका, भिंतीआड कोंडलेल्या, हातात पैसा नाही, जगाची खबर नाही. वाचत गेलो तशी त्या चित्राची एक बाजू खरी निघाली आणि दुसरी साफ चुकली. आजचं बोलणं त्या चुकलेल्या बाजूविषयी जास्त आहे.

आधी हा कुल्ले आला कुठून ते बघू. कानो शहराची एक जुनी बखर आहे. त्या बखरीत लिहिलंय की पंधराव्या शतकाच्या शेवटी मुहम्मद रुम्फा नावाचा राजा झाला, त्यानं कानोत ही चाल सुरू केली. त्याच राजानं कुर्मी नावाचा मोठा बाजार वसवला असंही सांगतात, तो बाजार आजही भरतो. पण राजवाड्यातल्या राण्या आत बसल्या म्हणून शेतकऱ्याची बायको आत बसत नाही. तिला पाणी आणायचं असतं, सरपण आणायचं असतं, खुरपायचं असतं. साध्या घरांमध्ये कुल्ले पसरला तो फार उशिरा, विसाव्या शतकात. आणि त्याचं कारण ऐकून आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो.

त्या मुलखात गुलामगिरी होती. श्रीमंतांच्या शेतावर गुलाम राबायचे, त्यात बायकाही. ब्रिटिशांनी १९०३ साली कानो आणि सोकोतो जिंकलं. त्यानंतर गुलामगिरी एका दिवसात संपली नाही, हळूहळू तीसेक वर्षांत संपली. मग ज्या बायका कालपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबत होत्या त्यांना, त्यांच्या मुलींना, आता शेतात दिसायचंच नव्हतं. शेतात वाकलेली बाई म्हणजे गुलाम, घरात बसलेली बाई म्हणजे मानाची, स्वतंत्र घरची. असं त्या काळातल्या लोकांच्या मनात बसलेलं होतं. म्हणून पडदा नवऱ्यानं लादला हे जितकं खरं, तितकंच काही बायकांनी तो मानाचं लुगडं म्हणून नेसला हेही खरं. पाणी आणि सरपण आणायचं काम अशा घरांत पुरुषांवर आलं. आपल्याकडेही बागायत झाली, चार पैसे आले की घरातल्या बायकांना मजुरीला जाऊ देत नाहीत. तेव्हा हे समजायला फार लांब जायला नको.

हे सगळं कळलं कसं, तर काही अभ्यासक बायका तिथे जाऊन राहिल्या म्हणून. मानववंशशास्त्र म्हणजे लोकांमध्ये राहून, त्यांच्या चुलीपाशी बसून, त्यांची रीत समजून घेण्याचं शास्त्र. पुरुष अभ्यासकाला या घरांमध्ये पहिल्या खोलीच्या पुढे जाता येत नाही. घराच्या तोंडाशी एक खोली असते, तिला ‘झौरे’ म्हणतात. परका पुरुष तिथेच थांबणार. आतल्या अंगणात काय चालतं ते बाईनंच जाऊन बघायचं.

पहिली गेली मेरी स्मिथ. तिचा नवरा एम. जी. स्मिथ हा मानववंशशास्त्रज्ञ, मूळचा जमैकाचा. १९४९-५० साली दोघं झारियाच्या बाजूला राहत होते. मेरी हौसा भाषा शिकली आणि तिची गाठ एका म्हातारीशी पडली. म्हातारीचं नाव होतं बाबा. होय, तिकडे ते बाईचं नाव आहे. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. रोज बसून ती मेरीला आपला जन्म सांगायची आणि मेरी तो तिच्याच शब्दांत लिहून घ्यायची. १९५१ साली बाबा वारली, आणि १९५४ साली ‘कारोची बाबा’ या अर्थाच्या नावानं पुस्तक आलं. आफ्रिकेतल्या एका साध्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली इतकी जुनी हकिकत क्वचितच सापडते. माणसं पळवून नेणाऱ्या टोळ्या, पैसे भरून सोडवून आणलेले नातेवाईक, गोऱ्या लोकांचं येणं, सूतकताई, सणवार, सवती, मैत्रिणी, सगळं तिच्यात आहे. बाबाची चार लग्नं झाली. पोटचं मूल एकही जगलं नाही. तिनं दुसऱ्यांची मुलं वाढवली. तिकडे मूल नात्यातल्या बाईकडे वाढायला देण्याची रीत आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसरी बाई पॉली हिल. ही इंग्लंडची, जन्म १९१४चा. प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स तिचा सख्खा मामा. पण तिला पुस्तकातलं अर्थशास्त्र पुरेना. घाना देशात कोकोची लागवड करणारे शेतकरी जमीन कशी घेतात हे तिनं गावोगाव फिरून शोधून काढलं होतं. १९६७च्या सुमाराला ती नायजेरियात कात्सिना शहराजवळच्या बातागारावा गावी राहायला गेली. वय पन्नाशी ओलांडलेलं.

तिथे तिला एक कोडं पडलं. नायजेरियाच्या दक्षिण भागात बाजारात पाय ठेवला की बायकाच बायका. धान्य, कापड, भाजी, सगळा व्यापार त्यांच्या हातात. उत्तरेला हौसा मुलखात मात्र बाजारात पुरुषच विकणारे. बाहेरून आलेले अधिकारी आणि अभ्यासक यावरून सरळ लिहून मोकळे व्हायचे की दक्षिणेतल्या बाया धंदेवाईक, उत्तरेतल्या घरबशा. पॉली हिलला दिसलं ते असं की बातागारावात बाजारच भरत नव्हता. दुकानं म्हणावीत अशीही फारशी नव्हती. तरी रोज संध्याकाळी घरोघरी धान्य शिजत होतं, तेल होतं, मीठमसाला होता, मुलं हातात काहीतरी खात फिरत होती. मग हे सगळं विकत घेतलं जात होतं कुठून?

घराघरांतून. भिंतीआडच्या बायकांकडून.

तिनं घरं धुंडाळली तेव्हा आढळलं की घरटी एक तरी बाई काही ना काही विकते आहे. कुणी धान्य, कुणी भुईमुगाचं तेल, कुणी शिजवलेलं खाणं. विकणारी बाई घराबाहेर येत नाही आणि विकत घेणारीही बाहेर येत नाही. दोघींच्या मधे धावतात ती मुलं. आईनं पैसे मुठीत द्यायचे, ‘जा, अमकीकडून मापभर बाजरी आण’ म्हणायचं, की पोरगं पळालं. परका पुरुष जिथे पाऊल टाकू शकत नाही तिथे सात वर्षांचं पोर थेट चुलीपर्यंत जातं. एका घरात माल महाग वाटला तर ते दुसऱ्या घरात जातं. म्हणून गावात एकाच दिवशी धान्याचा भाव सगळ्या घरांत सारखाच. बायका एकमेकींना भेटत नाहीत, पाटी लावत नाहीत, ओरडत नाहीत, तरी भाव सगळ्यांना ठाऊक. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जो निर्दोष बाजार सांगितलेला असतो तो आपल्याला एका बाजार नसलेल्या गावात सापडला, असं पॉली हिलनं मांडलं. १९६९ साली तिनं यावर लेख लिहिला आणि त्याला ‘हौसा मुलखातला लपलेला व्यापार’ असं नाव दिलं.

बायका घाऊक घेऊन किरकोळ विकत. सुगीच्या वेळी धान्य आणि शेंगा स्वस्त असताना साठवायच्या, भाव चढला की मापानं काढायच्या. माप म्हणजे एक ठरलेला वाडगा, त्याला ‘तिया’ म्हणतात. आपली पायली समजा. घेणाऱ्यांत गरीब घरं जास्त, कारण पोतंभर घ्यायला पैसा नसतो, रोजचं रोज आणावं लागतं.

आता खाण्याचं सांगतो, कारण ते वाचताना आमच्यापैकी दोघीतिघींच्या तोंडाला पाणी सुटलं. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, त्यात कांदा-मिरची घालून तळलेले वडे म्हणजे ‘कोसाय’. सकाळच्या न्याहारीला ते आणि सोबत ‘कोको’, म्हणजे आंबवलेल्या बाजरीची पातळ पेज, आपल्या आंबिलीची बहीण. खळगे असलेल्या मातीच्या तव्यात केलेलं ‘मासा’, आपल्या अप्प्यांसारखं. बाजरीच्या पिठाचे शिजवलेले गोळे दुधात कालवून ‘फुरा’. संध्याकाळी ज्वारी-बाजरीचा घट्ट ‘तुवो’ आणि वर कालवण. आणि भुईमुगाचा तर दाणासुद्धा वाया जात नाही. दाणे भाजायचे, वाटायचे, थोडं गरम पाणी शिंपडून मळत राहायचं, की तेल सुटतं. ते तेल बाटलीत. उरलेल्या पेंडीच्या कांड्या वळायच्या आणि त्याच तेलात कडक तळायच्या. तिला ‘कुली-कुली’ म्हणतात, मुलं ती दिवसभर कुरतडतात. एका शेंगेतून दोन माल. घाणा नाही, मशीन नाही, फक्त मनगट.

आता पैशाचं. हा पैसा कुणाचा? इथे आम्हाला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. तिथल्या मुसलमानी कायद्याप्रमाणे बायकोला अन्न, वस्त्र, निवारा देणं हे नवऱ्याचं कर्तव्य. आणि बायकोची कमाई ही बायकोची. तिच्यावर नवऱ्याचा हक्क नाही. ही नुसती पुस्तकातली गोष्ट नव्हे, बातागारावात तसंच चाललेलं होतं. नवऱ्यानं धान्य द्यायचं, कालवणाचे रोजचे पैसे द्यायचे. बायकोनं आपल्या भांडवलावर धंदा करायचा. नवऱ्याला बायकोनं केलेले वडे खायचे असतील तर त्यानं रोख पैसे देऊन घ्यायचे! नवऱ्याला उसने दिले तर ते उसनेच, परत यायला हवेत. आमच्यातली एक जण म्हणाली, ‘आमच्या घरी असं केलं तर पहिल्या दिवशी रुसवा आणि दुसऱ्या दिवशी पंचायत.’

पण लगेच हुरळून जाऊ नका. भांडवल इवलंसं, बहुतेकींचा नफा चटणी-मिठापुरता. आणि तलाक झाला तर दूध तुटलेली मुलं सहसा बापाकडे राहतात. बाई आपल्या खोलीतलं सामान उचलून माहेरी जाते.

ते खोलीतलं सामान म्हणजे ‘कायान डाकी’. लग्नात मुलीच्या आईनं तिला द्यायची भांडीकुंडी. पूर्वी रंगवलेले, कोरलेले भोपळ्याचे वाडगे असत, मग पितळेची घमेली आली, मग फुलाफुलांची इनॅमलची पातेली एकावर एक रचलेली, भिंतभर. आपल्या जुन्या घरात उतरंड असायची किंवा मांडणीवर स्टीलचे डबे मांडलेले असतात, अगदी तसं. वापरायची नाहीत, मांडायची. पाहुणीनं खोलीत आल्यावर मोजायची. परकी नजर याला डामडौल म्हणते. पण तलाक झाला, दुष्काळ पडला, की हीच भांडी एकेक करून विकता येतात. बँक नसलेल्या बाईची ती बँक.

दुसरी बँक मैत्रिणींची. बारसं सातव्या दिवशी होतं, लग्नं होतात, तेव्हा मैत्रिणींनी पैसे आणि वस्तू द्यायच्या. याला ‘बिकी’ म्हणतात. जिनं दिलं तिच्या घरी कार्य निघालं की वाढवून परत करायचं. कुणी किती दिलं हे मोठ्यानं सांगितलं जातं, सगळ्यांच्या डोक्यात पक्कं राहतं. कारोच्या बाबानं आपल्या बिकीच्या मैत्रिणींविषयी किती बारकाईनं सांगितलंय! तिसरी बँक ‘अदाशी’. ठरलेल्या बायकांनी ठरलेली रक्कम गोळा करायची, दर वेळी एकीला सगळी मिळणार. ही तर आपली भिशीच. जी बाई पैसे गोळा करते तिला ‘उवार अदाशी’ म्हणतात, म्हणजे अदाशीची आई. नाव छान आहे. आईनं पैसे बुडवले तर काय म्हणायचं हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूला ठेवतो.

आता मुलांकडे वळू. हा सगळा व्यापार मुलांच्या पायांवर चालत होता. १९७६ ते ७८ या काळात एनिड शिल्डक्राउट ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कानो शहरात गेली. त्याआधी घानातल्या कुमासी शहरात मुसलमान स्थलांतरितांच्या वस्तीवर तिनं काम केलं होतं. कानोच्या जुन्या शहरातले दोन मोहल्ले तिनं निवडले आणि मोठ्यांऐवजी मुलांच्या मागे लागली. कोण सकाळी कुठे जातं, काय आणतं, डोक्यावर काय घेऊन विकतं.

तिला दिसलं की हौसा बाईच्या आयुष्यात वयाप्रमाणे दार उघडतं आणि मिटतं. सहा-सात वर्षांची मुलगी सगळ्या शहरात फिरते. डोक्यावर पाटी, पाटीत आईचे वडे, गल्लोगल्ली ओरडत जायचं. या फिरून विकण्याला ‘ताल्ला’ म्हणतात. बाजार तिला पाठ, हिशोब तोंडपाठ, कुठलं गिऱ्हाईक उधारी बुडवतं तेही ठाऊक. मग बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न, आणि दार बंद. जी पोरगी काल शहर पालथं घालत होती ती आज अंगणात. आता तिला धंदा करायचा तर दुसऱ्या मुलीचे पाय हवेत. स्वतःची मुलगी मोठी होईपर्यंत भावाची, बहिणीची मुलगी आणायची. वाढायला दिलेलं मूल म्हणतात ते इथे कामाला येतं. आणि म्हातारी झाली, मूल होण्याचं वय सरलं, की दार पुन्हा उघडं.

पाटीवरचा पैसा जायचा कुठे? पुष्कळसा त्या मुलीच्याच कायान डाकीत. म्हणजे पोरगी फिरून फिरून स्वतःच्या लग्नाची भांडी जमवायची.

आणि नेमक्या १९७६ साली नायजेरिया सरकारनं जाहीर केलं की सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मोफत. शाळा निघाल्या, नावं घालायला लोक आले. आपण म्हणू की फार उत्तम झालं. पण कानोच्या अंगणात बसलेल्या आईला दिसत काय होतं? मुलगी सकाळी शाळेत गेली तर न्याहारीचे वडे विकणार कोण? वडे विकले नाहीत तर भांडी कुठून येणार, आणि भांडी नसतील तर तिचं लग्न कसं होणार? मुलगी शाळेत पाठवायची तर आईचा धंदा बसतो. धंदा राखायचा तर मुलगी अडाणी राहते. आणि दोन्ही साधायचं तर आईनं स्वतः बाहेर पडायला हवं, ते रीत पडू देत नाही. शिल्डक्राउटनं हा पेच जसाच्या तसा मांडला. आयांना दोष देणं सोपं होतं, तिनं ते केलं नाही.

आम्हाला इथे आपल्याकडच्या मुली आठवल्या. आई खुरपायला गेली म्हणून धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली. आईच्या कमाईची किंमत मुलीच्या वहीनं भरायची, हे आपल्याला नवीन नाही.

कानोत पुढे काय झालं? एकच उत्तर नाही. काही घरांनी शाळा सुटेपर्यंत वडे तळणं लांबवलं, दुपारी दप्तर ठेवलं की पाटी डोक्यावर. काही आयांनी असं काम धरलं ज्याला रोज गल्लीत फिरायला लागत नाही, जसं टोप्यांवरचं भरतकाम. हौसा पुरुषांची भरतकामाची टोपी प्रसिद्ध आहे, तिच्यावरचे पुष्कळसे टाके घरात बसलेल्या बायकांचे असतात. आणि काही घरांनी मुलाला शाळेत घातलं, मुलीला पाटी दिली.

पडदा म्हणजे शिक्षण नको, असा कुणाचा समज असेल तर त्याच मुलखातली आणखी एक बाई सांगायला हवी. नाना अस्माउ. जन्म १७९३, मृत्यू १८६४. सोकोतोचं राज्य ज्यानं उभारलं त्या उस्मान दान फोदियोची ही मुलगी. अरबी, फुलानी आणि हौसा अशा तिन्ही भाषांत तिनं कविता लिहिल्या. खेड्यातल्या बायकांपर्यंत शिक्षण पोचवायला तिनं जाणत्या बायकांची फळी तयार केली. गटाच्या पुढारी बाईला ‘जाजी’ म्हणत. तिच्या डोक्यावर गवताची विणलेली मोठी टोपी असे, ती पाहिली की वाटेतले लोक ओळखायचे की ही शिकवणारी बाई आहे. जाजी सोकोतोला येऊन शिकून जात आणि आपल्या गावच्या बायकांना पाठ करून घेत. कविता म्हणायला सोप्या असत, कारण त्या पाठच करायच्या होत्या. वाचता न येणारीलाही त्या कळत. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हा बायकांना ही नाना अस्माउ आमची थोरली जाऊ वाटते.

आणि १९७६ साली आणखी एक गोष्ट झाली. दक्षिण नायजेरियातल्या बायकांना १९५०च्या दशकातच मताचा हक्क मिळाला होता. उत्तरेतल्या बायकांना तो मिळाला १९७६ साली. त्यासाठी भांडलेल्यांत हाजिया गाम्बो सावाबा हे मोठं नाव. पडद्यातल्या बायका सभेला येऊ शकत नाहीत म्हणून ही बाई घरोघरी आत जाऊन बोलायची. अनेकदा तुरुंगात गेली. तिचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं होतं.

आता शेजारच्या नायजर देशात जाऊ. तिथल्या दोगोंदौची या छोट्या शहरात अडेलीन मास्केलिए ही मानववंशशास्त्रज्ञ १९८८ सालापासून जात आली. तिनं पाहिलेला काळ वेगळा. नवे धर्मसुधारक आले होते. ते सांगत, बारशा-लग्नावर उधळपट्टी नको, भांड्यांचे ढीग नकोत, देणंघेणं कमी करा. गरीब तरुणांना हे पटलं, कारण मुलीकडे द्यायची रक्कम जमत नाही म्हणून त्यांची लग्नं रखडत होती. मुलींनी धर्म शिकावा असंही हे सुधारक म्हणत, ते बायकांना आवडलं. पण भांडी आणि बिकी बंद करा म्हटल्यावर पुष्कळ बायकांची मनं दुखावली. साधं लग्न म्हणजे काटकसर हे खरं. पण ज्या बाईनं वीस वर्षं दुसऱ्यांच्या कार्यात पैसे घातले तिचे पैसे परत यायचे केव्हा? आणि ज्या मुलीची खोली रिकामी, तिला सासरी कोण विचारतं? आपल्याकडेही ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ असं पत्रिकेत छापतात. आम्ही त्या ओळीच्या बाजूचे आहोत. तरी हे वाचल्यावर एवढं कळलं की जो खर्च पुरुषाला उधळपट्टी वाटतो, त्याच्या आत कधीकधी बाईची जुनी ठेव असते. ती परत करायची सोय न करता चाल मोडली तर बुडते ती बाईच.

त्याच नायजर देशात, मारादी भागात, १९९१ साली केअर या संस्थेनं बायकांचे गट सुरू केले. नाव ठेवलं ‘माता मासु दुबारा’. हौसा भाषेत ‘माता’ म्हणजे बायका, आणि पूर्ण नावाचा अर्थ हुशारीनं मार्ग काढणाऱ्या बायका. पाया जुन्या अदाशीचाच होता, पण एक बदल केला. दर वेळी सगळी रक्कम एकीला देण्याऐवजी ती पेटीत साठवायची, जिला लागेल तिला त्यातून व्याजानं कर्ज द्यायचं, आणि ठरलेली मुदत संपली की व्याजासकट सगळ्यांत वाटून टाकायची. बाहेरचा पैसा नाही, बँकेचं कर्ज नाही. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशोब तोंडी. प्रत्येकीनं लक्षात ठेवायचा, बैठकीत सगळ्यांसमोर म्हणायचा. ज्या बायका आई-आजीपासून बिकीचे आकडे डोक्यात ठेवत आल्या त्यांना यात अवघड ते काय? ही पद्धत नायजरमधून आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेली. आपल्याकडे नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली ती १९९२ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी.

जाता जाता पुन्हा पॉली हिल. साठी ओलांडल्यावर ही बाई आपल्या शेजारी, कर्नाटकात आली. बंगळूरजवळच्या अनेकल तालुक्यात, नाचणी पिकवणाऱ्या गावांमध्ये तिनं घरोघरची शेती, कर्ज आणि मजुरी तपासली. १९८२ साली तिचं पुस्तक आलं, हौसा मुलूख आणि कर्नाटक यांची तुलना करणारं. अनेकलच्या बायकांना पडदा नव्हता. त्या शेतात होत्या, रस्त्यावर होत्या, विहिरीवर होत्या. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होत्या. पण भिंतीआडच्या हौसा बायकांसारखं आपल्या भांडवलावर, आपल्या नावानं, नवऱ्यालाही रोखीनं विकणारं घरटी दुकान तिला तिथे भेटलं नाही.